नीना गुप्ता, 'सांस' आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचं लग्न

खिडकीकाठी

परवा आईकडे गेले होते. टीव्हीवर पंचायत या वेब मालिकेचा कुठलातरी भाग लागला होता, आई मेथी निवडता निवडता बघत होती आणि मधेच म्हणाली, "ही सांसमधलीच ना गं? केवढी राबली बाई ही." 'सुंदर दिसते' असं नाही, 'नशीब काढलं' असंही नाही, 'राबली'. तो शब्द डोक्यात बसला म्हणून हा धागा.

नीना गुप्ता आपल्याकडे दोनच गोष्टींसाठी आठवतात लोकांना. एक चोली के पीछे हे गाणं आणि दुसरं म्हणजे वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू व्हिव्हियन रिचर्ड्स आणि त्यांची मुलगी मसाबा. मधली जवळजवळ चाळीस वर्षं गायब. एनएसडीमधून (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) आलेली, संस्कृतमध्ये एमए केलेली मुलगी, १९८२ च्या गांधीमध्ये छोटीशी आभा, १९८३ ला जाने भी दो यारो आणि मंडी, मग दूरदर्शनवर खानदान, श्याम बेनेगलांची यात्रा, गुलजारांची मिर्झा गालिब. त्यातली नवाबजान आठवा, गालिबवर जीव टाकणारी ती तवायफ. (आणि उमराव बेगम झालेली तन्वी आझमी, म्हणजे आपल्या उषाकिरणांची मुलगी. हे असंच, जाता जाता.) १९९३ ला जुन्या दिल्लीवर बाजार सीताराम नावाची डॉक्युमेंटरी केली आणि पदार्पणासाठीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलं. त्याच वर्षी चोली के पीछेवाला खलनायक आला. लोकांना काय आठवतं ते वर लिहिलंच आहे.

आणि मग १९९८ ला स्टार प्लसवर सांस. मुख्य भूमिका तिची, दिग्दर्शनही तिचंच. प्रिया, तिचा नवरा गौतम म्हणजे कंवलजीत, आणि मनीषा म्हणजे कविता कपूर. नवऱ्याचा जीव दुसरीवर जडतो एवढीच गोष्ट. पण त्यात मनीषा भुवया उडवत कट करणारी खलनायिका नव्हती, गौतम राक्षस नव्हता आणि प्रिया देवघरासमोर हमसून हमसून रडत नव्हती. जेवणाच्या टेबलावर तिघं नॉर्मल आवाजात बोलायची आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. माझी मावशी तेव्हा आमच्याकडे राहायची, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली, शाळेत शिक्षिका. सांस लागलं की ती आमच्या मधे नाही बसायची, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. हातात कायम एखादं फडकं. म्हणजे कोणी विचारलं तर काम करतेय असं सांगता यावं.

आता लग्नाकडे येते. नीनाने २००८ साली विवेक मेहरांशी लग्न केलं, दिल्लीचे सीए. ओळख विमानप्रवासात झालेली, लग्न अमेरिकेत, गाजावाजा न करता. तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली. मुलगी एकटीने वाढवून झालेली, मालिका काढून झालेल्या, मुंबईत स्वतःचं बस्तान बसलेलं. आणि लग्नानंतरही कामाचं गाव मुंबईच, त्यांचं दिल्ली.

मला हे सगळं रोमँटिक वगैरे वाटतंच, पण त्याहून जास्त कुतूहल एका गोष्टीचं आहे. वीस-बाविसाव्या वर्षी लग्न करणारी बाई एका घरातून निघून दुसऱ्या घरात जाते. पन्नाशीत करणारीला आपलं घर सोडावं लागत नाही. खरा फरक तोच असावा का? तुम्हाला काय वाटतं, आणि सांस कोणाकोणाला आठवतंय?

टिवल्याबावल्या

सांस!!! आमच्याकडे केबल नव्हती, शेजारच्या काकूंकडे जाऊन बघायचो. काकू प्रत्येक जाहिरातीत गौतमला शिव्या घालायच्या आणि काका पेपर तोंडासमोर धरून बसायचे :)

जुनाअँटेना

छान धागा. थोडी भर घालतो.

सांस ज्या काळात आली ती दोन-तीन वर्षं फार वेगळी होती. खाजगी वाहिन्या नव्या, कोणालाच फॉर्म्युला सापडला नव्हता, त्यामुळे शहाण्या लोकांना हवं ते करायला मिळायचं. मग २००० साली एका पाठोपाठ केबीसी (कौन बनेगा करोडपती) आणि 'क्योंकी सास भी कभी बहू थी' आलं आणि टीआरपीचं गणित एकदम बदललं, त्यानंतर चाळिशीतल्या बाईला मालिकेत सासू नाहीतर कारस्थानी काकू एवढीच जागा उरली. नीनाबाईंनी २००१ ला कमजोर कडी कौन हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम केला, काळे कपडे, करडा चेहरा, "आप कमजोर कडी हैं, नमस्ते." मला ती आवडायची पण आपल्या प्रेक्षकाला बाईने तोंडावर 'निघा' म्हणणं काही झेपलं नाही. बच्चनसाहेब स्पर्धकाला पाणी विचारत होते त्याच काळात ही हाकलून देत होती, कोण जिंकणार सांगायला नको.

यात्रा कोणी बघितली नसेल तर जरूर बघा. हिमसागर एक्स्प्रेस, कन्याकुमारी ते जम्मू, ओम पुरी. मालिका म्हणजे दिवाणखान्याचा सेट असं समीकरण व्हायच्या आधीचं टीव्ही कसं होतं ते कळेल.

मृद्गंधा

खूप आवडलं लिखाण. दारात उभी राहून बघणारी मावशी डोळ्यासमोर आली.

हा विषय निघालाच आहे तर सुहासिनी मुळे यांचं नाव यायलाच हवं. त्यांनी १६ जानेवारी २०११ ला लग्न केलं, वय ६०. पहिलंच लग्न! नवरा अतुल गुर्टू, टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले कणभौतिकीचे शास्त्रज्ञ, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या प्रयोगांशी संबंधित. त्यांची पहिली पत्नी गेलेली. आणि ओळख कुठे झाली तर फेसबुकवर. आपण पोरांना सांगतो फेसबुकवर अनोळखी माणसांशी बोलू नका :D

बाईंचं आयुष्यच अफाट आहे. १९६९ चा भुवन शोम, मृणाल सेन, उत्पल दत्तसमोर ती गौरी. पहिलाच सिनेमा इतका गाजल्यावर कोणीही मुंबईत ठाण मांडून बसलं असतं, ही कॅनडात मॅकगिलला शेतीचं शिक्षण घ्यायला गेली. परत येऊन सत्यजित राय यांच्याकडे सहाय्यक, मग डॉक्युमेंटरीज. भोपाळ वायुकांडावर, भागलपूरच्या आंधळ्या केलेल्या कैद्यांवर. मग गुलजारांच्या हुतूतूमधली राजकारणी आई, त्याला राष्ट्रीय पारितोषिक, मग लगानमधली भुवनची आई. पहिला सिनेमा भुवन शोम आणि सगळ्यांना माहीत झाली ती भुवनची आई म्हणून, गंमतच आहे. टीव्हीवरही बरंच काम केलंय.

आणि त्यांची आई विजया मुळे म्हणजे 'एक चिडिया, अनेक चिडिया' करणाऱ्या! १९७४ चा तो छोटा कार्टूनपट. दूरदर्शन बघत वाढलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते गाणं अजून वाजत असेल.

टिवल्याबावल्या

काय सांगता, त्या यांच्या आई?? आता दिवसभर 'दाना चुगने बैठ गई थी' डोक्यात. धन्यवाद (रागाने).

निवांत पाटील

सगळं ठीक आहे पण थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. सेलिब्रिटींचं कौतुक करायला काय जातंय. पैसा आहे, घर आहे, चार लोक बोलले तर मॅनेजर आहे. साध्या घरातल्या पन्नाशीच्या बाईने हे केलं तर तिची पोरं तिच्याशी बोलणं टाकतील. आणि नीना गुप्ता यांनी स्वतःच २०२० मध्ये व्हिडिओ टाकून मुलींना सांगितलं होतं की विवाहित माणसाच्या प्रेमात पडू नका, मी भोगलंय. त्याच सुमाराला असंही म्हणाल्या की मागे जाता आलं तर लग्नाशिवाय मूल होऊ देणार नाही, मुलाला आईबाप दोघं लागतात. मग आदर्श म्हणून कोणाला उभं करायचं?

खिडकीकाठी

@निवांत पाटील, राग कसला. पण मी आदर्श कुठे म्हटलं? आई म्हणाली राबली, मी म्हटलं कुतूहल आहे. उलट मला त्या व्हिडिओमुळेच ती जास्त आवडली. आपल्याकडे दोनच साचे असतात, एक तर बंडखोर बाई जिला कशाचाच पश्चात्ताप नाही, नाहीतर वाट चुकलेली बाई जी शेवटी माफी मागते. ही म्हणते मी केलं, मुलगी वाढवली, तिचा अभिमान आहे आणि तरी सांगते की ते अवघड होतं, तुम्ही नका करू. दोन्ही एकाच तोंडाने. माझी आजीसुद्धा असंच बोलायची, "मी केलं गं, पण तू नको करूस."

पैशाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. तोच तर मी म्हणतेय ना, घर स्वतःचं असण्याचा.

शेजारीण

मी तर म्हणेन पैसाही नव्हता तेवढा. २०१७ ची ती इन्स्टाग्राम पोस्ट आठवा, मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधतेय अशा अर्थाची. राष्ट्रीय पारितोषिक घरात असलेली बाई सरळ काम मागते! आपण नोकरी गेली तर लिंक्डइनवर 'नव्या संधींचा शोध' असं काहीतरी गुळमुळीत लिहितो. पुढच्याच वर्षी मुल्क आणि बधाई हो. मोठाली मुलं असलेल्या बाईला दिवस जातात आणि घरादाराला लाज वाटते ही गोष्ट, आणि त्या बाईच्या भूमिकेत ही. यापेक्षा चपखल निवड झालीच नसती. लोकांना त्यात खरं काय खटकतं? बाळ नाही. त्या वयात नवरा-बायको एकमेकांना आवडतात हे खटकतं.

सासू म्हणून सुरेखा सिक्री होत्या, त्याही एनएसडीच्याच, बालिका वधूतली दादीसा. त्यांना बधाई होसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि नीनाला नंतर ऊंचाईसाठी. दोघी टीव्हीने सांभाळलेल्या बायका. सिनेमाला त्यांची किंमत उशिरा कळली.

मृद्गंधा

+१ शेजारीण. आणि मराठीत २०१९ ला अग्गंबाई सासूबाई आली ती आठवा. निवेदिता सराफ म्हणजे आसावरी, गिरीश ओक शेफ अभिजित राजे, सून शुभ्रा सासूचं लग्न लावून देते. सुरुवातीला काय गोड होती ती मालिका. आमच्या सोसायटीतल्या एकूणएक काकू बघायच्या. पण गंमत बघा, लग्नाआधी आसावरी मोकळी व्हायला लागली होती आणि लग्न झाल्यावर परत तेच, बबड्याचे, म्हणजे मुलाचे, लाड आणि सगळ्यांची मनं सांभाळणं. राजेंनी एवढी पाककला दाखवून शेवटी डबा कोणाच्या हातात? तिच्याच.

जुनाअँटेना

बबड्यावर महाराष्ट्राने जेवढे मीम केले तेवढे कोणा मंत्र्यावर केले नसतील.

एक_कारकून

मी सहसा नुसता वाचतो, पण इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी नोकरी निवृत्तिवेतन विभागात गेली. तुम्ही लोक प्रेम, समाज, मुलं बोलताय, पण साध्या घरातल्या विधवा बाईचं दुसरं लग्न बऱ्याचदा एका ओळीवर अडतं. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमात विधवेला पेन्शन मरेपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत. मूलबाळ नसलेल्या विधवेला उत्पन्नाची मर्यादा पाळून सूट आहे, बाकीच्यांचं बंद. खाजगी नोकरीवाल्यांची ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना आहे, त्यातही विधवा पेन्शन पुनर्विवाहापर्यंतच. रेल्वेतल्या माणसाची बायको साठीला कोणाचा हात धरणार असेल तर तिला आधी हा हिशोब करावा लागतो की दर महिन्याला हक्काने येणारे पैसे सोडायचे का.

काउंटरवर बाया यायच्या. थेट कोणी विचारत नसे. "माझी एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी विचारायचं होतं." मी कधी मैत्रिणीचं नाव विचारलं नाही. नियम सांगायचो आणि चहा मागवायचो. एक बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे लग्न न करता राहिलं तर चालतं सरकारला?" मी काय बोलणार. कागदाने बघितलं तर चालतं.

स्वतःच्या नोकरीची पेन्शन असेल तर लग्नाने तिला धक्का लागत नाही, हे मुद्दाम लिहितो कारण पुष्कळ जणींना वाटतं तीही जाते.

शेजारीण

बापरे. हे माहीतच नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं आहे सत्तरीचं, आडनावं वेगळी, बेलखाली दोन पाट्या. आम्ही उगाच त्यांना मॉडर्न म्हणायचो. आता वाटतंय बिचारे हिशोबी असतील.

टिवल्याबावल्या

मॉडर्न आणि हिशोबी दोन्ही असू शकतात की.

निवांत पाटील

@एक_कारकून, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. माझी आई १९ वर्षं एकटी आहे, वडील पोस्टात होते. तिच्या डोक्यात असं कधी काही आलं का, मी कधी विचारलं नाही. आता विचारायची हिंमतही नाही.

खिडकीकाठी

पाटील, विचारू नका, नुसतं तिच्याबरोबर बधाई हो बघा :) नाही, खरंच.

एक_कारकून, तुमचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत म्हणून आता माझंही सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. ती दारात उभी राहून सांस बघणारी मावशी. तिने ६१ व्या वर्षी लग्न केलं. काका ६६, त्यांची बायको जाऊन सात वर्षं झालेली, ओळख गाण्याच्या क्लासमध्ये, दोघंही हार्मोनियम शिकायला. मावशीची स्वतःची शिक्षिकेची पेन्शन, त्यामुळे तो हिशोब नव्हता, पण बाकीचे होते. काकांच्या मुलाने पहिला प्रश्न फ्लॅट कोणाच्या नावावर हा विचारला. मावशी म्हणाली, "माझा माझ्या नावावर, यांचा यांच्या, आणि दोन्हीत माझा एकही डबा हलणार नाही." मग सगळे एकदम तिला शांतपणे आई वगैरे म्हणायला लागले.

नोंदणी पद्धतीने केलं. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली आधी नोटीस द्यावी लागते, ती ३० दिवस कार्यालयाच्या बोर्डावर लागते. मावशी दर आठवड्याला जाऊन बघून यायची. म्हटलं कशाला, कोणी हरकत घेणार आहे का? तर म्हणे, "नाही गं, बाकीच्या सगळ्या २४, २६, २८ आणि मधेच माझं ६१, छान दिसतं ते." लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. चांगली पैठणी नेसून गेले होते, त्यामुळे साहेबांनी कागद वाचता वाचता मान वर न करता "वधूने इथे सही करा" म्हणून पेन माझ्या हातात दिलं. मावशीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "वधू मी." साहेब इतके ओशाळले की पेढा दोनदा घेतला त्यांनी.

मृद्गंधा

हाहाहा, वधू मी!! हे वाचून डोळ्यात पाणी पण आलं आणि हसू पण.

जुनाअँटेना

मस्त. आता परत नीनाबाईंकडे. लॉकडाऊनमध्ये ती आणि विवेक मेहरा मुक्तेश्वरला डोंगरातल्या घरी होते, तिथून ती व्हिडिओ टाकायची. बघताना मला सारखं वाटायचं की या दोघांचा खरा संसार आत्ता सुरू झालाय, इतकी वर्षं एक मुंबईत एक दिल्लीत. आणि २०२३ च्या जानेवारीत मसाबाच्या लग्नाचा तो फोटो, ज्यात व्हिव्हियन रिचर्ड्स, नीना, विवेक मेहरा सगळे एकाच चौकटीत. आमच्या घरी तो फोटो मोठा करून करून बघितला गेला. बायको म्हणाली, यात सगळ्यात निवांत कोण दिसतंय सांग. मी म्हटलं रिचर्ड्स, तो काय बॅटिंग करतानाही हेल्मेट घालायचा नाही.

टिवल्याबावल्या

हेल्मेट :D :D

शेजारीण

@खिडकीकाठी, एक विचारू का? मावशी आता राहते कुठे मग? म्हणजे तुम्ही मूळ धाग्यात घर न सोडण्याबद्दल लिहिलंय ना.

खिडकीकाठी

सोमवार ते गुरुवार आपल्या घरी. तिची शिकवणी असते आणि हार्मोनियम तिथेच आहे, ती हलवायची नाही असं ठरलंय. शुक्रवारी संध्याकाळी काका येतात, पिशवीत दोन शर्ट, गोळ्यांचा डबा आणि काहीतरी खायला. सोमवारी सकाळी परत. लग्नाला पाच वर्षं होतील आता. त्यांच्याकडे तिच्या घराची किल्ली आहे, पहिल्याच महिन्यात तिने दिली, तरी ते बेल वाजवतात. मी एकदा विचारलं काका किल्ली हरवली का, तर म्हणाले, "नाही, पण ती दार उघडायला येते ना."

मावशीला विचारलं तर ती म्हणते त्यांना किल्ली नीट लावताच येत नाही.

एक_कारकून

दोघंही खरं बोलत असतील.

टिवल्याबावल्या

ते यात्रा कुठे बघायला मिळेल कोणी सांगा रे. वीकेंडला लावते. काकूंना पण बोलावणार आहे, या वेळी आमच्याकडे.